मित्राला पाठवायचे परिपत्रक

'पत्रलेखनाची कला लोपली' हे रडगाणे आता इतके सरावाचे झाले आहे की ते गाणाऱ्यालाही त्यात फारसे दुःख होत नसावे. दर दिवाळीला कुणीतरी मोबाइलला दोष देतो, पोस्टमनच्या आठवणीने हळहळतो आणि लगेच कुणा अज्ञाताने रचलेल्या चार ओळी दोनशे जणांना पाठवून मोकळा होतो. माझा आक्षेप या हळहळीला आहे. ती खऱ्या दोषाकडे पाहूच देत नाही.

पूर्वी सारे जण पत्रांतून अंतःकरण ओतीत असत, हा भ्रम आधी सोडावा. जुन्या ट्रंकेतली पोस्टकार्डे काढून पाहावीत. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे', मध्ये एखादे लग्न वा मनीऑर्डर, शेवटी 'लोभ असावा'. बहुतेक पत्रे अशीच असत. तारखात्याने तर शुभेच्छांना क्रमांकच दिले होते. आकडा सांगितला की ठरलेले वाक्य पोहोचे. पण २०१३ साली बंद झालेल्या त्या तारेत एक प्रामाणिकपणा होता. वाक्य खात्याचे आहे हे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असे. आजचा तयार संदेश मात्र 'मनापासून' आल्याचा दावा करतो.

ही सवय शाळेतच लागते. परीक्षेत मित्राला अभिनंदनपर पत्र लिहायचे असते. मायना, तारीख, समारोप जागच्या जागी हवेत. मित्र मात्र 'अ. ब. क.' असला तरी चालतो. नसलेल्या मित्राच्या नसलेल्या यशाबद्दल 'अत्यानंद' व्यक्त करण्याचे हे शिक्षण ज्याने घेतले, तो पुढे खऱ्या मित्रालाही तसेच लिहिणार!

'सगळ्यांना काही जी. ए. होता येत नाही' असे यावर म्हटले जाईल. जी. ए. कुलकर्णींनी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रे आपण साहित्य म्हणून वाचतो, हे खरे. साने गुरुजींची 'सुंदर पत्रे'ही आपण तशीच वाचतो. पण ती एका पुतणीसाठी, सुधासाठी लिहिलेली होती. समोर एकच माणूस असणे हे या पत्रांचे बळ आहे, आणि त्यासाठी प्रतिभा लागत नाही. मित्राचे वडील गेले, तर 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' हे कुणालाही लिहिता येते. 'तुझे वडील मला सोडायला एस्टी स्टँडवर यायचे आणि गाडी हलेपर्यंत उभे राहायचे' हे वाक्य फक्त एकाच माणसाला, एकाच घराविषयी लिहिता येते. यात अलंकार नाही, शैली नाही, आणि तरीही तो मित्र ते जपून ठेवील.

म्हणून कसोटी सोपी आहे. नाव बदलून तोच मजकूर दुसऱ्याला पाठवता येत असेल, तर ते पत्र नव्हे, परिपत्रक होय. मग ते हाती कागदावर लिहिलेले का असेना. आता तर यंत्राला सांगितले की ते हवा तेवढा हृदयस्पर्शी मजकूर क्षणात करून देते. पण त्या एस्टी स्टँडची गोष्ट त्याला ठाऊक नसते. ती त्याला सांगायला बसलात, तर पत्र तिथेच लिहून झालेले असते. तेवढेच पाठवावे.