रायफलीची खरी कसोटी मॅगझिनवर

कारगिल युद्धात १९९९ मध्ये ‘इन्सास’ रायफलींबाबत ज्या तक्रारी पुढे आल्या, त्यांत कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकचे मॅगझिन तडकण्याची तक्रार ठळक होती. रायफलीचे आरेखन पुण्याच्या ‘एआरडीई’चे, परंतु बदनामीला कारण ठरला एक सुटा, स्वस्त भाग.

मॅगझिनमधील स्प्रिंग काडतूस वर ढकलते, तोंडाच्या कडा ते ठरावीक कोनात धरतात आणि पुढे येणारा बोल्ट ते चेंबरमध्ये लोटतो. कडा तडकल्या, स्प्रिंग सैल पडली किंवा मॅगझिन आपल्या जागी घट्ट बसले नाही, तर काडतूस तिरके होऊन अडकते. मॅगझिन बदलताच अडथळा दूर झाला, तर दोष बहुधा त्यातच असतो. अन्यथा रायफल तपासावी लागते. मात्र ऐन चकमकीत ही शहानिशा करण्यास जवानाला उसंत नसते.

उत्तर प्रदेशातील कोरवा येथे सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ रायफली बनविण्याचा करार २०२१ मध्ये झाला. नळी आणि नेमाइतकीच कठोर चाचणी मॅगझिनच्या प्रत्येक खेपेची, बर्फात व वाळूत, व्हायला हवी. कारगिलचा हा धडा विसरणे परवडणारे नाही.