भीतीने धावावे कोणाकडे?

आई खोलीत परत येते. वर्षाचे मूल तिच्याकडे निघते, पण मान भिंतीकडे वळवून. अर्ध्या वाटेत ते थबकते आणि काही क्षण जागीच थिजून जाते.

मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोर येथे सुरू केलेल्या या चाचणीत आई मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ सोडून जाते व परत येते. बहुतेक मुले आईला बिलगतात, काही रुसतात, काही तोंड फिरवतात. थिजणारी मुले मात्र कोणत्याच प्रकारात बसेनात. त्यांच्या चित्रफिती पुन्हा तपासून मेरी मेन व ज्युडिथ सॉलोमन यांनी १९८६ मध्ये या बंधाला ‘विस्कळीत’ असे नाव दिले. भ्यालेले मूल स्वभावतःच आईबापांकडे धावते. भय त्यांच्याचपासून असेल, तर त्याच पावलांना मागेही फिरावेसे वाटते.

१९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले गेले. सामान्य मध्यमवर्गीय घरांत असा बंध सुमारे १५ टक्के मुलांत आढळला. छळ वा हेळसांड होणाऱ्या मुलांत ४८ टक्के. अर्थात, थिजणारे प्रत्येक मूल मार खाल्लेलेच असते, असे नव्हे.

आणि मार मुलालाच बसावा लागतो, असेही नाही. ‘ते झोपले होते, त्याला काय कळते?’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य खोटे आहे. चढलेला आवाज तान्ह्यालाही कळतो, आणि भेदरलेल्या आईचा चेहरा त्याला धीर देऊ शकत नाही. एकत्र कुटुंबात आजी वा काकूची मांडी हा मोठा आसरा होऊ शकतो. पण पेढीची पत जाईल म्हणून तीच आजी सुनेला गप्प बसवू लागली, तर तोही आसरा उणावतो. दुकानातली तूट लपवली तर ती वाढते, हे ज्यांना पक्के ठाऊक असते, त्यांच्याच घरी हे घडावे, हे नवल आहे.

आईची सुरक्षितता प्रथम. त्यासाठी २००५ चा कायदा आहे, १८१ ही महिला मदतवाहिनी आहे आणि मुलांसाठी १०९८. त्यानंतर बंध सावरू शकतो. अमेरिकेतील रोचेस्टर येथे छळ वा हेळसांड झालेल्या घरांतील वर्षाच्या मुलांवर झालेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तसे सांगतो. सुमारे वर्षभर घरी जाऊन मदत दिलेल्या गटांत निम्म्याहून अधिक मुलांचा बंध सुरक्षित झाला. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात जवळजवळ कोणाचाच नाही. त्यांतील एका पद्धतीत आई व मूल यांना एकत्र बसवत आणि आईच्या स्वतःच्या बालपणाविषयीही बोलत. लहानपणी भ्याल्यावर ती कोणाकडे धावत असे, इथपर्यंत ते बोलणे जाई.