दाराची किल्ली कोणाकडे?

जुलै १९९८ मधली गोष्ट. मुंबई पोलिस काही जरीकामगारांना घेऊन कुर्ल्याहून हावड्याकडे रेल्वेने निघाले होते. हे बांगलादेशी घुसखोर आहेत, त्यांना सीमेपलीकडे पोचवायचे आहे, असे पोलिसांचे म्हणणे. पश्चिम बंगालमधल्या उलुबेडिया स्थानकात गाडी अडवली गेली. ही आमचीच माणसे आहेत, असे म्हणत जमावाने त्यांना सोडवून नेले. मग मुंबईतले मनोहर जोशींचे युती सरकार आणि कलकत्त्यातले ज्योती बसूंचे डावे सरकार यांच्यात शब्दांची चकमक झडली. त्या धुरळ्यात मूळ प्रश्न मात्र हरवला. डब्यात बसलेला माणूस आपला की परका, हे ठरवायचे कोणी? मुंबईच्या हवालदाराने, उलुबेडियाच्या जमावाने, की दिल्लीने?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. घरात भावंडे वेगळी राहत असली आणि वाड्याचा दिंडी दरवाजा एकच असला, की किल्लीवरून वाद होणारच. अमेरिकेत तो दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि आपल्याकडच्या अनेक घरांतली मुले आज त्याच देशात व्हिसाच्या भरवशावर राहत असल्याने तो तसा परकाही नाही.

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियाने बंदरावर आपला अधिकारी नेमला होता. जहाजातून उतरणाऱ्या स्त्रियांकडे पाहून कोण दुराचारी हे त्याने ठरवायचे आणि तशांसाठी जहाजमालकाकडून जामीन मागायचा, असा कायदा. बावीस चिनी स्त्रिया अशाच अडवल्या गेल्या. १८७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. न्यायालयाचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. परक्या देशाच्या नागरिकावर एखाद्या राज्याने अन्याय केला तर तो देश जाब कोणाला विचारणार? राज्याला नव्हे, वॉशिंग्टनला. मग ज्याने उत्तर द्यायचे, अधिकारही त्याच्याच हाती हवा. एका राज्याच्या उतावीळपणापायी सगळ्या देशाने भांडण ओढवून घ्यावे, हे कोणत्या न्यायात बसते?

यावरून केंद्र दयाळू आणि राज्ये निष्ठुर, असा समज कोणी करून घेऊ नये. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा वॉशिंग्टननेच केला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड हे 'गोरे' नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारणारा निकालही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचाच. केंद्राकडे किल्ली असावी ती त्याचे मन मोठे असते म्हणून नव्हे, तर चूक झाली तर कोणाची गचांडी धरायची हे माहीत असावे म्हणून.

२०१० साली अॅरिझोनाने ही किल्ली आपल्या हाती घ्यायचा प्रयत्न केला. कागदपत्रांशिवाय राहणे हा राज्याचाही गुन्हा ठरवला, पोलिसांना अटकेचे जादा अधिकार दिले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादग्रस्त चार कलमांपैकी तीन रद्द केली. एक तेवढे राहिले. पोलिसांनी अन्य कारणाने कोणाला थांबवले आणि त्याच्याविषयी रास्त संशय आला, तर त्याच्या कागदपत्रांची खात्री करावी. कायद्याच्या पुस्तकात हे वाक्य निरुपद्रवी दिसते. रस्त्यावर मात्र संशय नेहमी कातडीच्या रंगावर आणि उच्चारांवर जाऊन बसतो.

राज्यांची तक्रार खोटी आहे, असे मात्र मला म्हणवत नाही. स्थलांतराचे कायदे वॉशिंग्टनमध्ये होतात, पण येणाऱ्या माणसांच्या मुलांना शाळा आणि आजाऱ्यांना खाट स्थानिक पैशांतून द्यावी लागते. १९८६ नंतर तेथील संसदेला या प्रश्नाचा समग्र फेरविचार करणारा कायदा करता आलेला नाही. टेक्सासने २०२३ मध्ये स्वतःच अटक आणि परत पाठवणीचा कायदा केला तो या चिडीतून. पण खर्चाचे ओझे हे केंद्राकडे पैसे आणि तातडी मागण्याचे कारण होऊ शकते. माणसावर 'परका' असा शिक्का मारण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. केंद्राला राज्यांच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपता येईल का? १८४२ मध्ये, गुलामगिरीच्या काळात, पळालेल्या गुलामांना धरून देण्याचे काम राज्यांच्या अधिकाऱ्यांवर लादता येणार नाही, असा अर्थ एका निकालातून निघाला आणि उत्तरेतल्या राज्यांनी त्याचा आधार घेतला. १९९७ मध्ये बंदूक खरेदीच्या तपासणीवरून झालेल्या खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हेच तत्त्व पक्के केले. ते सनातनी विचारांचे न्यायमूर्ती. आज त्यांच्याच निकालाची ढाल पुढे करून उदारमतवादी शहरे वॉशिंग्टनच्या धरपकडीत हात घालायला नकार देतात. थोडक्यात, राज्यांचे हक्क हे तत्त्व ज्याचे केंद्रात सरकार नसते त्यालाच आठवते. आपल्याकडे काय वेगळे आहे?

पण त्या नकारामागे एक व्यवहारी शहाणपणही आहे. नवऱ्याचा मार खाणारी बाई, मजुरी बुडालेला गवंडी, खून पाहिलेला साक्षीदार यांनी चौकीची पायरी चढली तरच पोलिसांचे काम चालते. चौकीत पहिला प्रश्न 'कागद दाखव' हा असेल, तर ते तिकडे फिरकणार नाहीत, आणि गुन्हेगार मोकाट राहील तो सगळ्यांच्याच वस्तीत.

आता घरी परतू. आपल्या राज्यघटनेने नागरिकत्व, परकीय नागरिक आणि देशातून हकालपट्टी हे विषय केंद्राच्या सूचीत ठेवले; पोलिस आणि सुव्यवस्था राज्यांच्या. मग १९५८ पासून केंद्राने परकीयांना परत पाठवण्याचे अधिकार राज्यांकडे सोपवले. किल्ली दिल्लीची, हात मुंबईचा. यात सोय आहे, आणि धोकाही. चूक झाली की राज्य दिल्लीकडे बोट दाखवते, दिल्ली राज्याकडे. १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, तरी आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच राहिला. ज्याचे घर एका पुरात वाहून गेले, त्याने कोणता कागद दाखवावा?

ही भीती काल्पनिक नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात धरलेल्या काही बंगाली भाषक मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे पश्चिम बंगालच्या यंत्रणेने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले. उलुबेडियानंतर सत्तावीस वर्षांनी आपण तिथेच उभे आहोत. फरक एवढाच, की या वेळी वाटेत गाडी अडवणारे कोणी भेटले नाही.

घुसखोरी होत नाही, असे म्हणणे हा भाबडेपणा. आसामपुरता १९८३ मध्ये केलेला कायदा इतका ढिला होता, की सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो रद्द केला. तेव्हा ढिलाई नको आणि घाईही नको. परका ठरवण्याचा निर्णय केंद्राच्या जबाबदार अधिकाऱ्याने कारणांसह लेखी द्यावा. त्याआधी माणूस जे गाव आपले सांगतो तिथल्या राज्याकडून खात्री करून घ्यावी. आणि त्याला वकील व अपिलाची मुदत मिळावी. हे तीन टप्पे झाल्याशिवाय कोणालाही सीमेच्या काटेरी तारांपर्यंत नेऊ नये. याला वेळ लागेल, पैसाही लागेल. पण खऱ्या घुसखोराला यातून काही अभय मिळत नाही. अभय मिळते ते फक्त आपल्याच माणसाला.

महाराष्ट्रातून पोटासाठी बाहेर पडलेली माणसे कमी नाहीत. उद्या कुठल्याशा परक्या शहरात आपल्या पोराला एखाद्या पोलिसाने हटकले, तर त्याचा निवाडा त्याच्या उच्चारांवरून रस्त्यातच व्हावा, असे आपल्याला चालेल का? नसेल चालत, तर कुर्ल्याच्या फलाटावरच्या जरीकामगारालाही तोच न्याय लावावा लागेल.