तळ्यातील स्फुरद

भाद्रपदातील एखाद्या ढगाळ पहाटे गावतळ्यातील मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागतात, आणि उजाडेपर्यंत रोहू-कतल्यांची पांढरी पोटे काठाला लागलेली दिसतात. मग गावात पहिला शब्द निघतो तो ‘विष’ हा. ज्या ढीवर मंडळींनी तळे ठेक्याने घेतलेले असते, त्यांची वर्षाची कमाई बुडालेली असते. दुःखाला कोणीतरी अपराधी हवा असतो, आणि बोट शेजाऱ्याकडे वळते. बालाघाट जिल्ह्यात अशा संशयावरून एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल न ठेवणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. विषप्रयोग कधी होतच नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु पाणी जर आधीच्या आठवड्यापासून गडद हिरवे पडले असेल, तर शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी दुसऱ्या एका अपराध्याची चौकशी व्हावी, एवढीच आमची विनंती आहे. त्याचे नाव स्फुरद.

नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी शेतकऱ्याला नवी नाही. स्फुरद आपल्या हाडांत आहे, दातांत आहे, धानाच्या प्रत्येक दाण्यात आहे. १६६९ साली हाम्बुर्ग नगरीत हेनिग ब्रांट नावाचा किमयागार सोन्याच्या लोभाने मूत्र आटवीत बसला होता. सोने मिळाले नाही, हे अंधारात चमकणारे द्रव्य मात्र मिळाले. अशा उपकारक वस्तूला अपराधी का म्हणावे? कारण तिचा एक विशेष आहे. नत्र हवेतून येते आणि हवेत परत जाऊ शकते. स्फुरदाला हवेची वाट नाही. तळ्यात जे आले ते पाण्यात, गाळात किंवा जिवांच्या देहांत राहते. बाहेर पडते ते सांडव्यावरून, नाही तर माणसाच्या हाताने.

आता हिशेब पाहा. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात शुद्ध स्फुरद सुमारे १० किलो असते, आणि एका किलो स्फुरदावर सुमारे ५०० किलो ओले शेवाळ पोसले जाऊ शकते. बांधीत उभ्या पाण्यावर खत फेकावे आणि त्याच रात्री मोठा पाऊस येऊन बांधी फुटावी, हा प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्या खताचा काही भाग तळ्याला जातो. त्यात गुरांचे शेण-मूत्र आणि धुण्याच्या पावडरीचा फेस यांची भर पडते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नद्या-सरोवरांत जाणाऱ्या धुलाईच्या रसायनांचा उल्लेख केला आहे, तो आपल्या घाटावरील दगडालाही लागू पडतो.

शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात पाण्याला प्राणवायू देते, हे खरे. परंतु रात्री तेही श्वास घेते, आणि मेलेले शेवाळ कुजताना आणखी प्राणवायू खाते. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत घातक, आणि ढगाळ दिवसानंतरची पहाट तर विशेषच. अशा वेळी पंप लावून पाणी उंचावरून तळ्यातच पाडावे, खाद्य व खत तत्काळ थांबवावे.

हे सारे स्फुरदामुळेच होते कशावरून? कॅनडातील डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ साली ओंटारिओ प्रांतातील एका तलावाच्या अरुंद कमरेत पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब व नत्र घातले. दुसऱ्यात तीच दोन द्रव्ये घालून वर स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरव्या साईने झाकून गेला, दुसरा स्वच्छ राहिला. वादविवादांनी जे मिटले नसते ते एका पडद्याने मिटवले.

याच स्फुरदाशी मोठ्या शहरांतील काही हौशी लोक रोज झुंजत असतात, आणि तेही दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत. खारे पाणी करून त्यात ते समुद्रातील मासे व जिवंत प्रवाळ पाळतात. (आपल्या देशात खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून ते उपटून आणणे हा गुन्हा आहे.) प्रवाळाच्या समुद्रात स्फुरद अत्यल्प असते. ते वाढले की पेटीत शेवाळ माजते आणि प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा नीट बांधला जात नाही. म्हणून हे लोक लिटरमागे फॉस्फेटचे प्रमाण ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखू पाहतात. त्यांचे उपाय साधे आहेत: खाद्य मोजके घालणे, थोडे पाणी नियमाने बदलणे, फेसाबरोबर मळ उपसणे, मुद्दाम शेवाळ वाढवून ते कापून फेकणे, आणि लोहाच्या गंजाचे दाणे ठेवून त्यांना स्फुरद शोषू देणे. दाणे भरले की तेही काढून टाकतात. त्यांनाही एक धडा मिळालेला आहे: स्फुरद शून्यावर आणले तर प्रवाळ उपासाने फिके पडते.

आपल्या तळ्यालाही हे लागू आहे. मत्स्यपालक शेणखत व सुपर फॉस्फेट मुद्दाम घालतात, कारण सूक्ष्म जिवांवाचून मासा वाढत नाही. अट एवढीच, की हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळवा त्याआधीच दिसेनासा झाला तर खत घालू नये.

वस्तुतः आपल्या वाडवडिलांनी काचेच्या पेटीवाल्यांचे सर्व उपाय निराळ्या नावांनी केले होते. मासळी धरणे म्हणजे स्फुरद बाहेर काढणे. शिंगाडा तोडणेही तेच. मात्र शिंगाडे काढून वेल तिथेच कुजू दिले, तर पुष्कळसे परत पाण्यात गेले. बेशरमाच्या झुडपांचेही तसेच, कापून काठावर टाकण्यात अर्थ नाही. आणि सर्वांत मोठा उपाय गाळ उपसण्याचा. तळातील माती आपल्या लोहामुळे स्फुरद धरून ठेवते. परंतु तळाचा प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि जुना साठा पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे वरून एक पोतेही न आले, तरी गाळाने भरलेले तळे वर्षानुवर्षे हिरवे होत राहते. वैशाखात बैलगाड्यांनी तो गाळ शेतात जात असे, तेव्हा तळे निवळत असे आणि धानही पोसत असे. पोत्यातले खत आले, गाड्या थांबल्या.

२०२२ साली अमृत सरोवर योजना निघाली, मध्य प्रदेशात २०२४ साली जलगंगा अभियानही झाले. यंत्रे येतात हे चांगले. पण उपसलेला गाळ पाळीवरच ढीग करून ठेवला तर मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तो खाली उतरतो. मग खर्च कशाचा केला? यंत्र येण्यापूर्वी ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात: कोणाच्या शेतात किती खेपा जाणार, ट्रॅक्टरचे डिझेल कोण देणार, आणि ज्याला जमीन नाही त्या ढीवर कुटुंबाला या व्यवहारात काय मिळणार. तिसऱ्या प्रश्नावर सभा लांबेल. लांबू द्यावी.