गाडीची टाकी आणि सभासदाचा ऊस



गळीत हंगाम ऐन भरात आला की कारखान्याच्या डिझेल पंपापुढे रांग लागते आणि रांगेत आवाज चढतात. पंपवाला म्हणतो गाडी जुनी, गाडीवाला म्हणतो पंपच सुस्त. टाकीत नोझल घातले की दोन-चार लिटरला खट्‌कन बंद पडते. परत दाबावे तर परत बंद. जबरीने धरून ठेवावे तर डिझेल टाकीच्या तोंडातून उसळते आणि चाकावर, ड्रायव्हरच्या पायावर, जमिनीवर सांडते. हे पाहून सभासदाला वाटते, हा पंपाचा आणि गाडीवाल्यांचा मामला, आपला काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध थेट आहे. आणि त्याचा इलाज दुसरा पंप बसवण्यात नाही, जुन्या गाडीची टाकी हंगामाआधी तपासण्यात आहे.

आधी संबंध कसा ते सांगतो. गाडी खाली झाली की पंपावर येते. टाकी ठीक असेल तर दीडशे-दोनशे लिटर डिझेल साध्या पंपावर ५-६ मिनिटांत बसते. अडणारी गाडी १५ मिनिटे खाते. एका रात्रीत अशा ४० गाड्या आल्या आणि प्रत्येकीमागे ९ मिनिटे ज्यादा गेली असे धरा, तर ३६० मिनिटे म्हणजे ६ तास झाले. इकडे फडात टोळीने पहाटेपासून ऊस तोडलेला, मोळ्या बांधलेल्या, आणि माणसे गाडीची वाट बघत बांधावर बसलेली. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आम्ही गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगत असतो. तो उन्हात पडून राहिला की पाणी उडते, म्हणजे वजन जाते. ते ज्याच्या त्याच्या पावतीवर दिसते. आतली साखर फुटते ती मात्र पावतीवर दिसत नाही, ती उताऱ्यात दिसते. आणि उतारा एकट्या-दुकट्याचा नसतो, सगळ्यांचा असतो. २००९ नंतर दराची जी एफ.आर.पी. पद्धत आली ती उताऱ्यावरच बांधलेली आहे आणि तोडणी-वाहतुकीचा खर्चही त्यातूनच वजा होतो. तेव्हा पंपावरची खोळंबलेली गाडी कोणाच्या पैशाने उभी असते, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

आता गाडी का अडते? आमचा डिप्लोमा शेतकीचा, आम्ही मेकॅनिक नव्हे. पण वर्कशॉपच्या मंडळींबरोबर उभे राहून जे पाहिले ते सांगायला हरकत नाही.

टाकीत एक लिटर डिझेल आत जायचे तर एक लिटर हवा बाहेर यायला पाहिजे. एवढी साधी गोष्ट. ही हवा जायला टाकीच्या माथ्यावर एक बारीक नळी असते, ड्रायव्हर तिला ब्रीदर म्हणतात. काही जुन्या गाड्यांत नळी नसते, झाकणातच बारीक भोक असते. आपल्या गाड्या आठ महिने धुळीत, चिखलात आणि पाचटात फिरतात, बाकीचे चार महिने दारात उभ्या. उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. कधी उसासाठी गाडीची बॉडी बदलताना, दांडे बसवताना नळी दाबली जाते, मुडपते. मग हवा निघायला वाट राहत नाही. ती डिझेलच्याच वाटेने उलटी येते, टाकी ढेकर देते आणि डिझेल तोंडाशी येते. नोझलच्या टोकाला एक बारीक छिद्र असते. ते डिझेलने किंवा फेसाने झाकले गेले की आतला खटका पडतो आणि प्रवाह थांबतो. पंपाने आपले काम चोख केले, शिव्या मात्र पंपवाल्याला बसतात.

नळी बुजल्याची खूण पंपावर यायच्या आधीच मिळते. गाडी तास-दीड तास चांगली चालते, मग ओढ कमी होते, धक्के खाते, बंद पडते. ड्रायव्हर झाकण उघडतो, फुस्स आवाज होतो, आणि गाडी परत चालू. कारण डिझेल संपत जाते तशी त्या जागी हवा आत यायला हवी, ती येत नाही. टाकी आतून ओढली जाते, प्रसंगी पत्र्याला पोचाही पडतो. पुष्कळ जण एवढ्यावरून फिल्टर बदलतात, फीड पंप खोलतात, आणि दोन रुपयांच्या तारेने होणाऱ्या कामाला दोन हजार घालवतात. झाकण हरवले म्हणून दुसऱ्याच गाडीचे, बिनभोकाचे झाकण लावले तरी हाच प्रकार होतो. चिंधी कोंबली तर त्याहून वाईट, तिचे धागे आत जातात.

दुसरे कारण फेस. डिझेलचा स्वभावच फेसाचा. उंचावरून सरळ तळावर धार पडली की हवा मिसळते, फेस वर येतो, आणि टाकी अर्धी असतानाच नोझलला ती भरल्यासारखी वाटते. इथे उपाय हाताचा आहे. नोझल थोडे तिरपे धरावे, धार टाकीच्या भिंतीवरून उतरेल असे. खटका पूर्ण न दाबता अर्ध्यावर ठेवावा. बंद पडले तर फेस बसेपर्यंत थोडे थांबावे. घाईने तीनदा दाबण्यापेक्षा सावकाश एकदा भरणे लवकर होते.

तिसरे, तोंडातली जाळी. मळाने बुजलेल्या जाळीवर धार आपटते आणि उलटी अंगावर येते. काही पठ्ठे स्क्रू ड्रायव्हरने जाळीच फोडून टाकतात. पंपावर पाच मिनिटे वाचतात खरी, पण पुढे पाचटाचा तुकडा आत जातो आणि भरलेली गाडी रात्री दोन वाजता रस्त्यात उभी राहते. जाळी काढून ब्रशने धुवावी, फोडू नये. दोन टाक्यांच्या गाडीत मधली जोडनळी तुंबली असेल तर एक टाकी भरून वाहते आणि दुसरी रिकामी राहते, तेही पाहावे. गाडी उतारावर, टाकीच्या बाजूने कललेली असेल तर चांगली टाकीही सांडते.

दोष पंपाचा की गाडीचा हे ओळखायला भांडणाची गरज नाही. त्याच पंपावर मागची गाडी नीट भरत असेल तर दोष गाडीचा. सगळ्याच गाड्यांना धार बारीक येत असेल तर पंपाचा फिल्टर बुजला आहे, आणि तो कारखान्याने त्याच दिवशी बदलावा. माप कमी मिळते अशी शंका असेल त्याने ५ लिटरचे प्रमाणित माप लावून दाखवा म्हणावे, तो गिऱ्हाईकाचा हक्क आहे. सांडलेले डिझेल मात्र मीटरमधून गेलेले असते. ते वाहनमालकाच्या नावे पडते आणि बिलातून कापले जाते. अर्ध्या तंट्यांचे मूळ इथे आहे.

टाकी काठोकाठ भरायचा हट्ट आमच्या मते सगळ्यात घातक. जमिनीखालच्या टाकीतले थंड डिझेल रात्री भरले आणि दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली, तर १५ अंशांच्या फरकाने २०० लिटरमागे सुमारे अडीच लिटर फुगते. ते रस्त्यावर, नेमके वळणावर सांडते. डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही, तसेच राहते. मागून मोटारसायकलवर येणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा कोणीतरी असतो. पंपाजवळ सांडले तर कोरडी वाळू टाकावी. हाताशी असते म्हणून पाचट किंवा बगॅस टाकतात, ते आगीला आमंत्रण. शेतावर कॅनने डिझेल भरणाऱ्यांनी नरसाळे टाकीच्या तोंडात घट्ट बसवू नये, कडेला एक काडी घालून हवेला फट ठेवावी. बांधावर डिझेल सांडले की तिथली माती पाणी धरत नाही आणि पीक उगवत नाही, हे तर आमच्या खात्यातलेच काम.

आणि एक. गळकी टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. टाकी उतरवून, आतून पूर्ण धुऊन, जाणत्या माणसाकडूनच काम करून घ्यावे.

सभेत मागणी होते की मोठ्या धारेचा दुसरा पंप बसवा. नव्या गाड्यांना तो चालेलही. पण जिच्या टाकीतून हवाच निघत नाही तिच्यात जोराची धार सोडली तर ती जोराने सांडेल, एवढाच फरक. सभासदांचा पैसा त्यात घालण्याआधी वाहतूक करारातच टाकी, झाकण, जाळी आणि हवेची नळी यांच्या तपासणीचे कलम घालावे, जसे दिवे आणि ब्रेक पाहतो तसे. तपासणी वर्कशॉपात फुकट व्हावी आणि नळीचा तुकडा लागला तर तोही कारखान्याने द्यावा. यावर कोणी म्हणेल की मालकाच्या गाडीचा खर्च कारखान्याने का करावा? वाहनमालक काही परका नाही. कोणी सभासद आहे, कोणी सभासदाचा भाऊ, आणि कर्ज काढून घेतलेली २० वर्षांची गाडी चालवतो आहे. त्याला दंड लावला तर तो शेजारच्या कारखान्याला गाडी लावील, आणि फडातला ऊस आपलाच वाळेल.

तपासणी गाडी खाली असताना, मोळी टाकायच्या आधी व्हायला हवी. एकदा गाड्या फडाला लागल्या की कोणी थांबत नाही. येत्या हंगामाचे करार होण्यापूर्वी गटवार एकेक दिवस ठरवावा असे आम्ही संचालक मंडळाला कळवत आहोत. ज्या वाहनमालकांना हे पटते त्यांनी गाडीचा नंबर गट ऑफिसात चीटबॉयकडे आताच लिहून द्यावा.