बाजारातली बाई आणि जाहिरातीतली बाई

वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजी बसविण्यात आली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या योजनेच्या बऱ्यावाईटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; त्या वादात आज आम्हांस शिरावयाचे नाही. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका गोष्टीकडे, म्हणजे जाहिरातींकडे, आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

डहाणूच्या किनाऱ्यावर मासळीचा व्यवहार कोणाच्या हाती असतो, हे ज्याने एकदा पाहिले त्यास सांगावयास नको. पुरुष समुद्रावर जातात. परंतु मासळी किनाऱ्याला लागली की तिची निवड, भाव, विक्री, सुकवण आणि उधारीचा हिशेब बायका सांभाळतात. तलासरीकडे वळावे, तर गुडघाभर चिखलात भात लावणारी वारली स्त्री दिसते. याच वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते बायकांचे काम हाती घेतले, म्हणून काही कला बुडाली नाही. ती जगभर गेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता जाहिराती पाहाव्यात. साबण निवडावयाचा तो बाईने, सिमेंट आणि विमा घ्यावयाचा तो पुरुषाने! ललिताजी चोख हिशेबाची होती खरी, पण तिचा हिशेबही धुण्याच्या पावडरीपुरताच. मुलीला गोरेपणाचे मलम १९७५ पासून विकले जात होते. २००५ साली पुरुषांसाठीही तसलेच मलम निघाले, आणि समानता आली ती अशी! २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चे नाव बदलले, मलम राहिलेच. पुरुषाची अवस्थाही सुखाची नाही. त्याने भीती दाखवू नये, रडू नये, आणि स्वयंपाकघरात शिरलाच तर दूध उतू घालवून हास्यास्पद व्हावे, असा संकेत आहे. अशा चित्रांवर वाढलेला मुलगा उद्या नोकरी गेल्यावर मन कोणाजवळ मोकळे करील?

२०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाची २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८. ही तफावत जाहिरातींनी निर्माण केली असे आम्ही म्हणत नाही. ती स्वाभाविक आहे असे त्या रोज पटवितात, हा आमचा आक्षेप आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये याविषयी नियम केले. बाईला धुणे धुताना दाखवू नये असे ते म्हणत नाहीत. ते काम तिचेच आहे असे भासवू नये आणि वेगळ्या वाटेने जाणाऱ्याची टिंगल करू नये, एवढेच म्हणतात. हे फार नव्हे. आमचे पत्रही जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते. म्हणूनच हा नियम आमच्या स्तंभांसही लागू आहे, हे सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

वाढवणला याचा संबंध प्रत्यक्ष पोटाशी आहे. ज्या कामाचे चित्र कोठेच दिसत नाही, ते काम मोजणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. होडी आणि जाळे पुरुषाच्या नावे. टोपलीची नोंद कोणत्या कागदावर होणार? बंदरामुळे बुडणाऱ्या रोजगाराची मोजदाद करताना मासळी विकणाऱ्या आणि सुकविणाऱ्या प्रत्येक स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे लिहिले जावे, आणि बंदरातील कामांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतील तेव्हा त्यांत यंत्रापाशी उभी असलेली डहाणू-तलासरीची मुलगीही दिसावी, अशी आमची बंदराच्या चालकांकडे आणि राज्य शासनाकडे मागणी आहे.