साहेब, तुम्ही कोणाचे सोबती?

परवा एका सरकारी कार्यालयात एका दाखल्यासाठी तिसरी चक्कर मारली. उत्तर ठरलेलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." बाकावर माझ्यासारखे आणखी आठ-दहा जण. एका काकांनी तर शिपायालाही 'साहेब' म्हणून बघितलं. काम नाही ते नाहीच.

त्याच संध्याकाळी कैरोच्या टीमबरोबर कॉल होता. तिकडचा एक जण दुसऱ्याला सारखा "या साहबी, या साहबी" करत होता. म्हटलं, इथेही साहेब? विचारलं तर हसला. साहबी म्हणजे 'मित्रा'!

मग जरा खोदलं. अभिजात अरबीत 'साहिब' म्हणजे सोबती. प्रेषितांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तेही याच धातूवरून. साहिबचा 'धनी' असाही अर्थ आहे, नाही असं नाही. साहिब अल-बैत म्हणजे घरमालक. पण कैरोच्या रस्त्यावर सोबती टिकला, आणि फारसीमार्गे आपल्या कचेरीत पोचेपर्यंत धनी तेवढा उरला.

यावर काही मंडळी लगेच म्हणतील, परका शब्द आहे, हाकला! साफ नामंजूर. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे खरं. तरी जिजाऊ आपल्याला आऊसाहेबच. आणि ज्या गावात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली कॉलेज काढलं (तेच आजचं मिलिंद), तिथे 'बाबासाहेब'मधला साहेब काढून दाखवाच! त्या हाकेत भीती नाही, माया आहे.

म्हणजे दोष शब्दाचा नाही. उद्या 'साहेब'चं 'महोदय' केलं तरी बाक तोच आणि मीटिंगही तीच. व्हेरिएबलचं नाव बदलून बग जात नाही, हे आम्हा कोडवाल्यांना पक्कं माहीत आहे.

गंमत बघा, आपल्याच गावात दखनी बोलणारी माणसं अनोळखी बाईलाही 'खाला' म्हणतात. शब्द अरबीच, अर्थ तिकडेही आईची बहीणच. आपण मराठीत 'मावशी' म्हणतो, अगदी तसंच. इतका प्रवास करूनही खाला बिघडली नाही, कारण तिच्यामागे खुर्ची नव्हती.

तेव्हा ज्यांना साहेब म्हणवून घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्यावं, पण आधी सोबत करावी. आणि आपण? प्रेमाने म्हणायचं तर जरूर म्हणू, घाबरून म्हणणं बंद करू. सोमवारी माझी चौथी चक्कर आहे. "नमस्कार, माझा दाखला कधी मिळेल?" एवढंच विचारणार.

बघू.